ओट्यावरची चिंच

छत्रपती संभाजीनगर, ६ जानेवारी

ती. मालनअक्कास, संध्याचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की आई दाराआडून ऐकते आणि मग जेवत नाही, म्हणून कागद घेतला. नव्या संगमरवरी ओट्याची पार वाट लागली. पितळेचे हंडे घासायची तसा आई तो चिंचेनं घासते. चकाकी गेली, पांढरे डाग पडले. सांगितलं की व्हय म्हणते आणि घडीभरात विसरून पुन्हा घासते. चिंच लपवली तर लिंबू काढते. हे काही बोलत नाहीत, पण मी लई दमले गं. आईला थोडे महिने कन्नडला नेशील का?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
संध्या

कन्नड, १२ जानेवारी

चि. संध्यास अनेक आशीर्वाद.

अगं येडे, संगमरवराला आंबट चालतच नाय. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, मग साध्या पाण्यानं पुसून लगेच कोरडं करायचं. तारेची घासणी लांबच ठेव. पडलेले डाग आता पॉलिशवालाच काढील. इकडं ऊसतोड चालू आहे, मान वर करायला सवड नाय. तब्येतीला जप.

तुझी आठवण काढणारी,
मालन

छत्रपती संभाजीनगर, १९ जानेवारी

अक्कास नमस्कार.

ओट्याचं छान लिहिलंस. आईचं एक अक्षर नाय. काल मी भाजीला गेले तेवढ्यात तिनं संडासातलं अ‍ॅसिड ओट्यावर ओतलं. आले तर घरभर वाफ, आई खोकतेय आणि तरी घासतेय. खिडक्या उघडल्या, तिचे हात नळाखाली धरले, दवाखान्यात नेलं. बोटं भाजलीत, जीव वाचला. ओटा गेला खड्ड्यात. मी एकटी पुरी पडत नाही अक्का. नेतेस की नाही, एवढंच लिही.

संध्या

कन्नड, २३ जानेवारी

चि. संध्यास पोटाशी धरून आशीर्वाद.

ओट्याचं लिहिलं, कारण दुसरं लिहायचा धीर नव्हता. दिवाळीत तू आत चहा करत होतीस, तेव्हा आईनं मला हळूच विचारलं की मी कोण्या गावची. कन्नडची, म्हणाले. तिनं मला कुंकू लावलं, परक्या सवाष्णीला लावतात तसं. तेव्हापासून मी भ्यालेय. आईनं मला रोज माझ्याच घरात परकी म्हणून पाहायचं, हे कसं सोसायचं सांग.

रविवारी येते तिला न्यायला. मी लेक आहे असं सांगू नकोस, ती गोंधळेल. म्हण की कन्नडच्या एका बाईच्या घरी घासायचं लई काम पडलंय आणि तिला मदतीला कुणी नाय. एवढं ऐकलं की ती पदर खोचून माझ्यासंग निघेल.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी अक्का