डावीकडची शेवटची पट्टी

८ सप्टेंबर १९५७

दौलतरावांनी मला न विचारता ऑर्गन देऊन टाकला! देऊन म्हणजे — मारुतीच्या देवळातच राहणार, पण वाजवणार पिंपरीच्या औषध कारखान्यातला गोरा साहेब. त्याच्या मुलखातली गाणी, आधी जुनी, मग अलीकडची. दौलतराव आमच्या भजनी मंडळाचे अध्यक्ष, आणि नोकरीला त्याच कारखान्यात. म्हणजे झालंच!

"एकवीस तारखेला कार्यक्रम ठेवलाय," म्हणाले.

"पितृपक्षात?"

"साहेबाला कसला आलाय पितृपक्ष!"

गोरी पलटण गेली तेव्हा देहूरोडच्या चर्चमधला हा ऑर्गन मंडळानं लिलावात घेतला, बैलगाडीतून कासारवाडीला आणला. तेव्हापासून भजनाला मीच वाजवतो. रेल्वे फाटकाची ड्यूटी संपली की रोज पुसतो. मला विचारायला नको?

११ सप्टेंबर

फाटक लावताना एका सायकलवाल्यावर उगाच ओरडलो. मारुतीराया, जिभेला आवर घाल.

१७ सप्टेंबर, अविधवा नवमी

सावित्रीच्या नावानं पान वाढलं. ती गेल्यापासूनची ही दुसरी नवमी. सून म्हणाली, "मामंजी, दोन घास तरी खा." खाल्ले, आणि देवळात गेलो.

ऑर्गन उघडा पडलेला! साहेब फरशीवर मांडी घालून, शेजारी त्याच्या कारखान्यातला वजीर मिस्त्री. पट्ट्या काढून ओळीनं मांडलेल्या, डावीकडची शेवटची तेवढी अजून जागेवर. आणि सुपलीत तांदूळ — कुंकवात रंगवलेले.

"तरी म्हटलं भाऊ, खालचे सूर मुके का!" वजीर हसला. "आत अख्खं लग्न लागलंय की!"

सावित्रीच्या अक्षता. दसऱ्याला ऑर्गनची पूजा तीच करायची. प्रत्येक पट्टीवर चार दाणे, आणि उरलेली मूठ डावीकडच्या शेवटच्या पट्टीवर. ते फटीतून आत पडत राहिले, पट्ट्या दबेनाशा झाल्या. मला वाटायचं, ऑर्गन म्हातारा झाला.

तिची लुगडी वाटून टाकली. भांडी सुनेच्या हातात गेली. तिच्या हातचं असं हेच काय ते उरलेलं — आणि ते केरासारखं सुपलीत!

"ती शेवटची तशीच राहू द्या! हात लावायचा नाही!" ओरडलोच. "माझ्या बायकोच्या हातच्या अक्षता आहेत त्या."

वजीरचं हसू मावळलं. त्यानं साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेबानं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली. सुपली मी उचलली आणि दाणे तुळशीत घातले.

२१ सप्टेंबर

जाणार नव्हतो. गेलो.

साहेब बूट काढून बसला, हे खरं. जुनी गाणी आधी. एक सूर ओळ म्हणतो, दुसरा मागून तीच उचलतो, मग तिसरा — धृपद टाळकऱ्यांच्या या रांगेनं म्हणावं, मग त्या रांगेनं उचलावं, तसं. कोणी कोणाला ढकलत नाही. मी हात जोडले. खोटं कशाला लिहू?

पण नंतरची! गुडघ्यांनी दांडे रेटून आवाज फुगवायचा, मध्येच कुजबुजायचा, पुन्हा गडगडाट. मारुतीपुढे नाटक कंपनी! आणि शेवटचा तुकडा तर पुन्हा पुन्हा त्या मुक्या पट्टीवरच उतरत होता. साहेबाचं बोट तिथं यायचं — आणि काही नाही. तेवढा वेळ सगळं गप्प. मग पुढे.

दौलतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनींच्या पूजेचा प्रताप!" लोक हसले.

ती पट्टी मुकी आहे हे ठाऊक असून साहेबानं नेमका तोच तुकडा का निवडला? गेलेल्या बाईची चूक चारचौघांत दाखवायला? टाळ्या चालू असतानाच उठून आलो.

२२ सप्टेंबर

अजून राग आहे.

२८ सप्टेंबर

साहेब कायमचा मायदेशी गेला. त्याची आगगाडी माझ्याच फाटकावरून गेली. खिडकीतून त्यानं हात हलवला. मी हिरवं निशाण धरलं, नजर दुसरीकडे ठेवली.

संध्याकाळी वजीर आला. "भाऊ, साहेब विचारत होता, तुम्ही न बोलता का गेलात?"

"त्यालाच विचारायचं होतंस!" म्हटलं. वजीर काही बोलणार होता. मी दार लावून घेतलं.

दसरा

ऑर्गनची पूजा केली. अक्षता झाकणावर वाहिल्या, पट्ट्यांवर नाही. मग वाजवायला बसलो. पाय भात्यावर होते. डावीकडच्या शेवटच्या पट्टीवर, तिची म्हणून, नुसतं बोट टेकवलं.

वाजली! इतका खोल सूर की पायाखालची फरशी थरथरली.

फळी काढून पाहिलं. पट्टीखाली एक दाणा नाही. बाजूच्या खोबणीत साहेबाचा रुमाल, गाठ मारलेला. आत लाल अक्षता, मूठभर.

कार्यक्रमानंतर तर साहेब देवळात फिरकला नव्हता. म्हणजे त्या दिवशीही वाजत होती. त्यानंच मुद्दाम दाबली नव्हती.

पुन्हा बसलो. बराच वेळ बोट उचललं नाही.