खंडेनवमीचं चाक

पुणे, ४ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
गोलूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडं मी अन् साधना बरे हाओत. म्हणजे काल तुह्या शेजारच्या वैष्णवीचा फोन येईपर्यंत बरे होतो. आत्या, तू खंडेनवमीले माह्या चाकावर नारळ फोडला? फोनवर बोललो असतो तर तोंडातून भलतंसलतं गेलं असतं, म्हणून कागद घेतला.

अवं, ती काय ट्रॅक्टरची चाकं होती? माह्या मोटरसायकलसाठी घेतलेली कार्बन फायबरची हायेत ती, दोन बोटांवर उचलतील इतकी हलकी. नवी घेणं आपल्या बापाच्यानं होत नाही. नागपूरच्या एका रेसवाल्या पोट्ट्याकडून जुनी भेटली, पण एकदम चकाचक. दसऱ्याले येऊन तिकडंच गाडीले बसवीन म्हणून तुह्या पत्त्यावर मागवली. सुट्टी भेटली नाही, हा माहा गुन्हा. तुले खोकं कोपऱ्यात ठेव म्हटलं होतं, पूजा कर म्हटलं नव्हतं! आता वैष्णवीनं धाडलेला तडकलेल्या चाकाचा फोटो पाहून तो विकणारा म्हणते, नारळ आपटल्यावर तडकणारच, मी जबाबदार नाही. काय सांगू मी त्याले?

रागात हावो, पण तुहाच हावो. गुळपापडी पाठवजो.
गोलू

मालेगाव, ७ ऑक्टोबर

चि. हरीओमले,
अनेक आशीर्वाद. आज गोलू म्हणाची इच्छा नाही.

सोयाबीन निघून राह्यलं, हाताले उसंत नाही, तरी लिहून राह्यली. फोनवर तू हो आत्या, हो आत्या करतो अन् ठेवून देतो. कागद तरी पुरा वाचशीन.

होय, मारला नारळ. आपल्या घरी ट्रॅक्टरच्या हुकावर नारळ फोडतात, अन् लहानपणी तूच पाण्यासाठी आ करून उभा राहाचा. यंदा गाडी आली नाही, नुसते तिचे पाय आले, म्हणून म्या पायाची पूजा केली. हळद-कुंकू वाह्यलं, नारळ हलकाच मारला. अन् आयक, नारळाले चरासुद्धा पडला नाही. चाक तडकलं! नारळ अजून देवापाशी शाबूत हाय. जे चाक नारळापुढं हारते, त्याच्यावर तू शंभराच्या वर पळणार होता काय रे? तेही साधनाले मांगं बसवून?

मी तशीच ते चाक घेऊन इस्माईलभाईच्या गॅरेजात गेली. त्यानं नाण्यानं चौफेर ठोकून पाह्यलं, आपण बाजारात माठ ठोकतो तसं. सगळीकडं टणटण, अन् एका जागी बद्द. तिथला रंग त्यानं ब्लेडनं खरवडला तर खाली पुट्टी, अन् पुट्टीखाली जुनी चीर, बोटभर. माह्या नारळानं पडलेल्या चिरीत पुट्टी कोण भरून ठेवन? कोणीतरी आधीच आपटलं, वरून रंग मारला अन् तुह्या गळ्यात घातलं. इस्माईलभाई म्हणे, आपलं साधं चाक वाकते, डुगडुगते, काहीतरी सांगते तरी. हे काहीच सांगत नाही, पळत्या गाडीखाली एकदम तुटते.

सांग हे त्या नागपूरवाल्याले. दौलतदादाले, म्हणजे तुह्या बापाले, म्या अजून काही सांगतलं नाही, हे ध्यानात ठेव.

गुळपापडी बंद. सध्या आशीर्वादावर भागव.
तुही आत्या, चतुराबाई

पुणे, ११ ऑक्टोबर

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुहं पत्र साधनानं मोठ्यानं वाचलं. मंग मुद्दाम आणखी एकदा वाचलं. चुकलो. फोटोतली चकाकी पाह्यली अन् भुललो. चाकं कुठं आपटली होती काय, हेही विचारलं नाही, कोण्या जाणत्याले दाखवलंही नाही.

नागपूरवाल्यानं माहा नंबरच ब्लॉक केला. पण इथल्या मित्रानं तोड काढली. ती चीर पुन्हा बुजवून असा रंग मारून देणारा एक जण इकडं हाय की कोणाच्या बापाले कळणार नाही. मंग मी विकून मोकळा होतो. मी स्वतः बसवणार नाही, तुही शपथ. तेवढी दोन्ही चाकं आपल्या गावच्या पवनच्या ट्रॅव्हल्स बसनं धाडून दे.

आता तरी राग सोड.
गोलू

मालेगाव, १५ ऑक्टोबर

चि. गोलूले, आशीर्वाद. अर्धेच.

तुह्या पत्राचा शेवट वाचला अन् हातातलं काम टाकून लिहाले बसली. शपथ माही घेतो अन् चाक दुसऱ्याच्या पोराखाली घालतो? लाज नाही वाटली लिहिताना? मंग त्या नागपूरवाल्यात अन् तुह्यात फरक कोणता? तोही असाच म्हणाला असन, मी थोडीच बसवणार हाय. तू ज्याले विकशीन, त्याच्या आत्यानं नारळ मारलाच नाही तर?

चाकं येत नाहीत. इस्माईलभाईकडून दोन्ही कापून घेतली. दुसरं चांगलं दिसत होतं, पण चांगलं तर पहिलंही दिसत होतं. पुट्टीवाला तुकडा पवनच्या हाती पाठवून राह्यली, तो तुह्या त्या हुशार मित्राले दाखव. त्याच खोक्यात खाली गुळपापडी हाय. पैसे गेले याचं मलेही वाईट वाटते रे. कष्टाचे होते.

दिवाळीले दोघं बसनं या. गाडीले तिची जुनीच चाकं राहू दे. नारळ अजून देवापाशीच हाय. तू हातीपायी धड घरी आला की फोडू, अंगणातल्या दगडावर.

वाट पाहून राह्यलेली,
आत्या