दसऱ्याला लावलेलं दार

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

रूथचा ठाण्याहून पुन्हा फोन. "आई, दिवाळीआधी ये. कायमची. इथे सिनेगॉग आहे, आपली माणसं आहेत. सांगलीत तू एकटी ज्यू!" सणानंतर सांगते म्हटलं. लेक माझीच, पण बोलायला लागली की ऐकायचं नाव नाही. वडलांवर गेलीये.

एकटी आहे, कबूल. रूथचे वडील शलोम मिरजेला रेल्वेत होते तेव्हा आमची तीन-चार घरं तरी होती. ते गेले, बाकीचेही पांगले. पण या घरात शुक्रवारचा दिवा एकदाही चुकलेला नाही! कोकणात आमच्या पूर्वजांना शनवारतेली म्हणायचे. शनिवार आमचा विश्रांतीचा वार, तेलाचा घाणा बंद म्हणजे बंद, दारात कितीही गिऱ्हाईक उभं राहो. त्यांच्याच वंशातली आहे मी.

८ ऑक्टोबर

यंदा दार फळणीचा सण नेमका दसऱ्याला! त्या दिवशी आम्ही दार लावून घेतो – कडक उपास, प्रार्थना, बाहेरच्या कुणाशी बोलणं नाही की शिवणं नाही. आणि दसऱ्याला तर इमारतीतला सगळा जिना आपट्याची पानं घेऊन दारोदार. समोरच्या शालूबाईंना कसं सांगावं म्हणून घुटमळत होते. तर त्याच म्हणाल्या, "आवं एस्तरबाई, ठावं हाय मला. लालासाहेबांनी मोबाईलवर बघून ठेवलंय. सोनं काय पळून जातंय व्हय? तुमाला दुसऱ्या दिवशी दिऊ."

लालासाहेब म्हणजे वरच्या मजल्यावरचे रिटायर सुभेदार. माझा सण माझ्याआधी त्यांना ठाऊक! डोळ्यांत पाणीच आलं.

११ ऑक्टोबर, दुपारी

आंघोळ झाली. सणाचं पांढरं पातळ नेसले. तासगावचे काळे मनुके भिजत घातलेत, उद्या उपास सोडायला सरबत. आता जेवून दार लावायचं. उद्या लिहिणंही नाही.

१२ ऑक्टोबर, चांदण्या दिसल्यावर

पार पडला!

दसरा असून जिना दिवसभर चिडीचूप. लालासाहेब खाली खुर्ची टाकून बसले होते. "चपला हातात घ्या. आवाज न्हाई पायजे!" त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा. मला प्रार्थनेत हसू आलं. देवाने माफ करावं, आजचा दिवस त्यासाठीच तर आहे.

कहर पुढेच. दार उघडलं तर उंबऱ्याशी डबा, आत पिठलं-भाकरी! तळमजल्यावर संयोगिता म्हणून नवीन आलीये. तिने काल मला पांढऱ्या पातळात पाहिलेलं. आज दार बंद, जिन्यात सगळे गप्प. तिला वाटलं, माझ्या घरात मयत झाली. अशा घरी चूल पेटत नाही म्हणून बिचारी डबा ठेवून गेली! शालूबाई तोंडाला पदर लावून सांगत होत्या, "लय रडली वं ती तुमच्यासाठी." आधी सरबत घेतलं, मग तेच पिठलं खाल्लं. जरा तिखट होतं, पण मस्त.

१३ ऑक्टोबर

आज शिळा सण, भेटीगाठींचा. संध्याकाळी अख्खा जिना माझ्या घरात. लालासाहेबांनी माझ्यासाठी आपट्याची फांदी पाण्यात ठेवली होती. संयोगिता लाजून चूर. सगळ्यांना सरबत दिलं.

फार अभिमान वाटला. शलोमचा, आमच्या लोकांचा, या जिन्याचा – सगळ्यांचा मिळून.

१५ ऑक्टोबर

रूथला 'नाही' सांगून टाकलं. "तिथे तुझं आहे कोण?" म्हणाली. म्हटलं, ठाण्यात सगळेच दार लावतात, त्यात काय नवल? इथे ज्यांचा सण नाही ते माझं दार सांभाळतात. शालूबाई समोर आहेत तोवर मी हलायची नाही.

"बरं" म्हणाली. रूथ – आणि "बरं"!

१६ ऑक्टोबर

शालूबाई साताऱ्याला चालल्यात, जयराजकडे. कायमच्या. लेकाला शब्द देऊन बसल्यात. असं कसं ठरवलंत, विचारलं.

"तुमी ठाण्याला जानार आसं रूथ म्हनली हुती. म्हनून हो म्हनलं मी. तुमच्याबिगर हितं काय करू?"

त्यांना सांगितलं, रूथला कालच 'नाही' म्हटलंय मी. मग म्हटलं, लावा फोन जयराजला, येत नाही म्हणावं.

"तुमीच लावा. मला रडू येतंय."

लावला.