पहिली ओळ

९ जानेवारी, जळगाव. संध्याकाळ.

शेवटी संगणकात नवं कर्नल, म्हणजे मशीन जागं करणारा मूळ प्रोग्रॅम, बसवलं. बरोबर केलं का? ह्यांच्या त्या जुन्या, आता दुसऱ्या कुणाकडेच नसलेल्या संगणकाची डिस्क मरायला टेकली होती, आणि ह्यांनी लेकीला लिहिलेली पत्रं फक्त त्याच मशीनवर उघडतात. ‘कर्नल म्हणजे घरात सगळ्यांआधी उठणारी बाई,’ हे म्हणायचे. जुनं कर्नल ह्यांनी स्वतः बनवलेलं. मशीन चालू केलं की पहिल्या ओळीत बनवणाऱ्याचं नाव यायचं. हे गेल्यापासून ती ओळ बघायलाच मी रोज बटण दाबायचे.

ह्यांचे कॉलेजच्या लॅबमधले सोबती, आबा, धुळ्याहून आले. म्हणाले, ‘अक्का, जुनं कर्नल नवी डिस्क वळखत नही. नवं बनावनंच पडी.’ दुपारभर खपले. मग हळूच विचारलं, ‘पहिल्या ओळीत भाऊनंच नाव टाकी देऊ का? कोनले समजस?’

मला समजेल, म्हटलं. तुमचंच टाका.

पत्रं सगळी उघडली. आबांना बसस्टँडवर सोडून आले आणि बटण दाबलं. पहिल्या ओळीत आबांचं नाव. आता रोज पत्रं उघडताना ती ओळ सरेपर्यंत खिडकीबाहेर बघावं लागेल.