कान धरा, पाय आपटा

तीर्थरूप बाबा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आई हे वाचून दाखवेल. आई, मध्येच रडत बसू नकोस.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते. खोलीत ऊनही येतं.

काल कारखान्यातल्या कामगारांच्या इंग्रजीच्या वर्गात मी सारख्या उच्चारांचे शब्द घेतले. ‘हिअर’वर गाडी अडली. ऐकणं की इथे? मग तुमचीच युक्ती काढली. ऐकण्याच्या ‘हिअर’च्या स्पेलिंगमध्ये ‘इअर’ असतो, म्हणून कान धरायचा. ‘इथे’ म्हणायचं तर पाय आपटायचा. ते मिशाळ वेल्डर कान धरून उभे! सगळे खो-खो हसले. मी मात्र फळ्याकडे तोंड फिरवलं.

झटका येऊन तुमची वाचा गेल्यापासून फोनवर मीच बडबडते. रविवारी तुम्ही स्क्रीनवर डाव्या हाताने कान धरलात. आईला वाटलं, कान ठणकतोय. ती औषध शोधायला धावली. मला कळलं, बाबा. तुम्हाला ऐकू येतंय. मग तुम्ही पाय आपटायला गेलात, आणि तो उचललाच गेला नाही.

तेही कळलं. मी रेंज नसल्याचं निमित्त करून फोन ठेवला.

सुटीचा अर्ज नामंजूर झाला, पुन्हा देतेय. व्यायाम करून घेणारे येतात ना? आई, तू झोपतेस का गं?

बाबा, या रविवारी पायाला त्रास देऊ नका. तुम्ही नुसता कान धरा. पाय मी इकडे आपटेन, तुम्हाला ऐकू येईल इतक्या जोरात.

तुमचीच,
ठमी