रावजींचा हॅलोजन आणि माझी एक्केचाळीस कलमं

२२ मार्च १९९७, शनिवार. रात्री ८.१०
पेपरात आलंय, हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला दिसतो. पुन्हा येणार दोन-अडीच हजार वर्षांनी. गच्चीवर गेलो. वायव्येला काय? समोरच्या रावजी गांगुर्डेंचा हॅलोजन! हजार वॉटचा, थेट माझ्या डोळ्यांत. जिना उतरताना दोनदा ठेचकाळलो. सातपूरला वर्कशॉप आहे म्हणून आकाशही यांच्याच मालकीचं काय?
संकल्प: आठ दिवसांत हॅलोजन बंद. शांतपणे.

२३ मार्च
शांतपणेच बोललो. आवाज चढला तो मुद्द्यामुळे. रावजी म्हणाले, कंपनीतून सुटलेल्या बायका बसमधून उतरून याच रस्त्यानं येतात, उजेड लागतो. पण तुम्हाला त्रास होत असेल तर पत्र्याची टोपी बसवतो, उजेड खालीच पडेल, दहा मिनिटांचं काम आहे.
मी म्हटलं, टोपी नको, नियम हवा. आज टोपी घातली, उद्या काढली तर?
रावजी आत निघून गेले. मुद्दा मी जिंकला.

३० मार्च
'बाह्य प्रकाश नियंत्रण नियमावली' टाइप करून पूर्ण. एक्केचाळीस कलमं. सगळ्या नाशिकला लागू करता येतील. कलम सात: देवघरातला दिवा खिडकीबाहेर दिसता कामा नये. आशा म्हणाली, कलम सात तुमच्या आईंना तुम्हीच वाचून दाखवा. बायकोला सार्वजनिक प्रश्न कळत नाहीत.

८ एप्रिल, पाडवा
कॉलनीची सभा बोलावली. आले तिघे. त्यातले एक रावजी, श्रीखंडाचा डबा घेऊन. ही लाच आहे, असं तोंडावर सांगितलं. डबा आशानं ठेवून घेतला. सभा कलम चारपर्यंत पोचली, मग सगळ्यांना जेवायला जायचं होतं. लोक निर्लज्ज आहेत.

११ एप्रिल. सायं. ७.४०
सहनशक्ती संपली. रावजींच्या मीटरचा फ्यूज काढला आणि गच्चीकडे धावलो. पहिल्या पायरीवरच रस्त्यावरून किंकाळी. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करणाऱ्या भिमाबाई उघड्या गटारात पडल्या होत्या.

त्याच दिवशी, १०.३०
भिमाबाईंचा पाय मोडलाय. सव्वा महिना प्लास्टर. रावजींनीच रिक्षात घालून नेलं. भिमाबाई म्हणत होत्या, रोज दिवा असतो वो, आजच कसा नाय? कोणी माझ्याकडे बघितलं नाही. मी मात्र सगळ्यांकडे बघत होतो.
गटारावर झाकण नाही, हा महापालिकेचा गुन्हा! उद्या कडक पत्र.
झोप नाही. डास.

१३ एप्रिल
फ्यूज रावजींच्या हातात दिला. म्हणाले, मला माहीत होतं. एवढंच. शिवी दिली असती तर उत्तर तयार होतं. ते वाया गेलं.
भिमाबाईंकडे सफरचंदं घेऊन गेलो. सांगायचं होतं. गटाराबद्दल बोलून आलो.

४ मे
सभा. कोरम नाही. लग्नसराई! मूर्ख कॉलनी!

२५ मे
अखेर ठराव मंजूर, एकमतानं. एक्केचाळीस कलमांची एक ओळ झाली: बाहेरच्या प्रत्येक दिव्याला टोपी, उजेड खाली. सूचक रावजी. मला अनुमोदक केलं, तेही भिमाबाईंनी कुबडी उंच करून माझं नाव सुचवल्यावर. रावजींनी संध्याकाळपर्यंत बारा टोप्या बसवल्या. शिडी मी धरली. देखरेख हवीच.

१ जून, रविवार. रात्री ८
विजय! रस्त्यावर लख्ख उजेड, वर काळंभोर आकाश. दुर्बीण, सतरंजी, थर्मास घेऊन गच्चीवर. वायव्य पूर्ण पिंजून काढली. पश्चिमही.
आशा वाळवणं आवरायला वर आली. म्हणाली, आता काय शोधताय? तो दिसेनासा होऊन पंधरा दिवस झाले. मार्च-एप्रिलभर रस्त्याच्या वळणावर उभं राहिलं की साध्या डोळ्यांनी दिसायचा. सगळी कॉलनी जमायची. तुमच्या आईसुद्धा. तुम्हाला हाक मारली की तुम्ही म्हणायचात, कलम चाललंय, आत्ता नको.
शेपटी कुठल्या बाजूला होती, विचारलं.
म्हणाली, वरच्या.