चिडून मागवलेली पैठणी

रविवार, कोळवण

आज मी त्या यंत्रावर ओरडले. लेकीने दिलेला बोलका स्पीकर, आवाजावरून म्हणे माणसाचं मन ओळखतो. ओळखलं खरं!

झालं असं, की दुपारी धाकटी जाऊ शोभा सगळ्यांसमोर म्हणाली, "भाच्याच्या लग्नात बी तीच हिरवी पैठणी का, ताई?" जिव्हारी लागलं. हिरवी कुठे विरली नाही, विटली नाही. मग का लागावं? पण लागलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात स्पीकरला फर्मावलं, "लाल पैठणी मागव. आत्ताच्या आत्ता."

तो शांतपणे म्हणाला, "तुमचा आवाज दुखावल्यासारखा वाटतोय. उद्या मागवली तर चालेल का? घरात एखादी आहे का?"

"आहे ना, हिरवी! शोभाला बघवत नाही ती!"

मागे वळते तर दारात शोभाच, हातात आमटीची वाटी. मेलेच, वाटलं.

ती वाटी ठेवून म्हणाली, "बघवत न्हाई कशी? लई आवडती मला, म्हणून तर ध्यानात ऱ्हाती. माझ्याकडं लाल हाय की. तुमी कवा मागितलीच न्हाई."

दोघी एकदम हसलो. लगेच साड्यांची अदलाबदल केली. लाल मला शोभते, आरशात दोनदा पाहिलं. शोभा तर हिरवी नेसून अंगणात मिरवायला लागली. तेवढ्यात हे शेतावरून आले आणि तिला पाठमोरी बघून म्हणाले, "आगं, च्या टाक."

ती वळली. हे तसेच उलट्या पावली शेताकडे!